व्यवस्थापनशास्त्राचा वर्ग आणि पीण्याची शेड

पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर करीत बंगळूरला येणाऱ्या प्रवाशाला शहर लागण्याआधी पीण्या लागते. महामार्गाच्या दोन्ही अंगांना लेथ आणि मिलिंगची कामे, मोटारींचे वाइंडिंग, डाय आणि साचे, पावडर कोटिंग, तयार कपडे अशा हजारो लहान-मध्यम उद्योगांची ही वसाहत पसरली आहे. १ मार्च २०१४ पासून मेट्रोही येथे येते. एमबीए करण्यासाठी दरवर्षी असंख्य मराठी मुले याच रस्त्याने बंगळुरात येतात. त्यांपैकी फार थोडी येथे उतरत असतील. व्यवस्थापनशास्त्र शिकायला आलेल्या मुलाला पीण्यात उतरण्याचे कारण का पडू नये, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावीत आला आहे. त्याचे उत्तर या शिक्षणाच्या इतिहासात सापडते, असे माझे मत आहे.

या प्रश्नाशी माझा संबंध शासकीय कामातून आला. उद्योगविषयक कामांच्या निमित्ताने मी अनेक लघुउद्योजकांची गाऱ्हाणी ऐकली. जागा, वीज, कर्ज आणि परवाने हे फाइलीवरचे विषय. परंतु फाइल मिटून चहा आला, की बोलणे हटकून एकाच गोष्टीकडे वळे : माल दिला, बिल दिले, पैसे आले नाहीत. या दुखण्यावर शास्त्र काय सांगते ते पाहण्यासाठी मी व्यवस्थापनाची क्रमिक पुस्तके चाळली, तेव्हा त्यांत एक विलक्षण गोष्ट आढळली. तिच्याकडे येण्याआधी थोडा इतिहास पाहू.

आपल्याकडे व्यापारी शिक्षण तसे जुने आहे. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ सालचे. परंतु तेथे शिकवला जाई तो वाणिज्य विषय, म्हणजे हिशेब, बँकिंग, व्यापारी कायदा. ‘व्यवस्थापन’ हा स्वतंत्र विषय स्वातंत्र्यानंतर आला. १९५३ साली कलकत्त्यात समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापनाची संस्था निघाली. १९५६ साली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. भिलाई, रुरकेला, दुर्गापूर येथे पोलाद कारखाने उभे राहू लागले आणि हजारो कामगारांचे कारखाने चालवणार कोण, असा प्रश्न शासनापुढे उभा राहिला. त्याच वर्षी हैदराबादला प्रशासकीय स्टाफ कॉलेज आले. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, स्थापन झाल्या. पहिलीला अमेरिकेतील एमआयटीच्या स्लोन विद्यालयाचे, तर दुसरीला हार्वर्डचे साहाय्य होते. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था सुरू केली.

या संस्थांनी देशाला उत्तम व्यवस्थापक दिले, याविषयी दुमत नाही. परंतु शास्त्रासोबत एक दृष्टीही आली. हार्वर्डच्या पद्धतीत विद्यार्थ्यापुढे एखाद्या कंपनीचे प्रकरण ठेवतात आणि विचारतात, ‘तुम्ही या कंपनीचे व्यवस्थापक आहात, तर काय निर्णय घ्याल?’ या प्रश्नात कंपनी मोठी आहे, हाताखाली विभाग आहेत, हिशेबाला, खरेदीला, विक्रीला वेगवेगळी माणसे आहेत, हे सारे गृहीत धरलेले असते. जो मालक सकाळी शटर उघडतो, दुपारी यंत्र दुरुस्त करतो आणि संध्याकाळी स्वतःच बिल घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात बसतो, त्याला या प्रश्नात जागा नाही.

बंगळूरच्या आयआयएमचा जन्म तर उघडपणे सार्वजनिक क्षेत्रासाठी झाला. १९७२ साली रवी मथाई समितीने आणखी दोन संस्थांची शिफारस केली. कर्नाटक शासनाने १०० एकर जमीन दिली आणि २८ ऑक्टोबर १९७३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. एचएएल, आयटीआय, एचएमटी, बीईएल अशा सरकारी कारखान्यांच्या शहरात हे स्वाभाविकच होते. पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी मुंबईहून आले. जमनालाल बजाज संस्था आणि पवईची ‘नायटी’ ही संस्था, या दोन्हींचा कारभार त्यांनी पाहिला होता. या गृहस्थांनी आपली विद्वत्ता कशासाठी वापरली? बैलगाडीसाठी! गाडीचे जू, चाके, बैलाच्या मानेवर पडणारा भार यांचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. पुष्कळांनी त्याची थट्टा केली. परंतु ज्या देशातील एवढी मालवाहतूक बैलगाडीने होते, त्या देशाच्या व्यवस्थापनशास्त्राने तिच्याकडे पाहू नये काय, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. दुर्दैवाने ही दृष्टी अभ्यासक्रमांत फारशी झिरपली नाही.

या विषयाची दुसरी एक परंपरा मराठी वाचकाला घरची वाटावी अशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिक्षक होते. व्यवस्थापन मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असे मानणाऱ्या शेतकऱ्याला नांगर विकायचा, म्हणजे आधी त्याचा विश्वास मिळवायचा, हे त्यांनी अनुभवातून जाणले. १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवताना त्यांनी शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखी माणसे पदव्या न पाहता, गुण पाहून उभी केली. पुढे हे घराणे दक्षिणेकडे सरकले. १९४१ साली हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर निघाली, तर १९४६ साली बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक. या दुसऱ्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आज पीण्यातच आहे. पीण्याशी मराठी माणसाचे नाते असे जुने आहे.

आता खुद्द पीण्याकडे येऊ. महाराष्ट्रात १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. कर्नाटकात त्या प्रकारचे काम दोन संस्थांकडे आले : १९६० चे लघुउद्योग विकास महामंडळ आणि १९६६ चे औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ. १९७० च्या दशकात या यंत्रणांनी पीण्यात भूखंड आखले, शेडी बांधल्या. शेजारी जलहळ्ळीला १९५३ पासून एचएमटीचा कारखाना होता. सरकारी कारखान्यांत हात तयार झालेले कितीतरी तंत्रज्ञ बाहेर पडले आणि त्याच कारखान्यांना सुटे भाग पुरवू लागले. १९७८ साली येथील उद्योजकांची संघटना स्थापन झाली. देशभर जिल्हा उद्योग केंद्रे निघाली तीही त्याच वर्षी.

या शेडींमध्ये आणखी एक इतिहास घडला. १९७२ साली उडुपी रामचंद्र राव यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांसह पीण्यातील साध्या औद्योगिक शेडींत प्रयोगशाळा थाटली. तेथे तयार झालेला ३६० किलोचा ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. अवकाशयानांशी संपर्क ठेवणारे ‘इस्ट्रॅक’ हे केंद्र आजही पीण्यातच आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा सारे नियंत्रण येथूनच चालले होते. पत्र्याखाली काय होऊ शकते याचा हा पुरावा. मात्र एक भेद विसरता कामा नये. आर्यभटाच्या शेडीमागे देशाची तिजोरी उभी होती. शेजारच्या शेडीत बुशिंग आणि फ्लँज बनवणाऱ्यामागे त्याची स्वतःची बचत, पत्नीचे दागिने आणि बँकेचे कॅश क्रेडिट खाते एवढेच होते.

आता क्रमिक पुस्तकातली ती गोष्ट. वित्तव्यवस्थापनात खेळत्या भांडवलाचे एक चक्र शिकवतात. कच्चा माल घेतल्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंतचे दिवस मोजायचे आणि त्यातून पुरवठादाराने दिलेल्या उधारीचे दिवस वजा करायचे. चक्र जितके लहान, तितके व्यवस्थापन चांगले. ते लहान करण्याचे तीन उपाय सांगतात : साठा कमी ठेवा, येणे लवकर वसूल करा आणि देणे शक्य तितके लांबवा. परीक्षेत हे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. पण देणे लांबवायचे म्हणजे कोणाचे? साठा कमी ठेवायचा, तर तो कोणाच्या शेडीत पडून राहायचा? मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात जे कौशल्य म्हणून दिसते, तेच पुरवठादाराच्या वहीत थकबाकी होऊन बसते. पुस्तक खरेदी विभागाच्या खुर्चीत बसून लिहिलेले आहे.

हिशेब करून पाहू. समजा, एका शेडीची विक्री महिन्याला १० लाख, म्हणजे वर्षाला १ कोटी २० लाख रुपये आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्रानुसार लघुउद्योगाला अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २० टक्के, म्हणजे २४ लाख रुपये खेळते भांडवल बँकेने द्यावे आणि ५ टक्के, म्हणजे ६ लाख मालकाने घालावेत. एकूण ३० लाख. या सूत्रात चक्र तीन महिन्यांचे धरलेले आहे. गिऱ्हाइकाने १२० दिवसांनी पैसे दिले, तर नुसते येणेच ४० लाख होते. कच्चा माल आणि पगार वेगळेच. तेच पैसे ४५ दिवसांत आले, तर येणे १५ लाखांवर येते. मधल्या २५ लाखांवर १२ टक्के दराने वर्षाचे व्याज ३ लाख रुपये. विक्रीवर ५ टक्के नफा धरला, तर वर्षाची कमाई ६ लाख. म्हणजे निम्मी कमाई दुसऱ्याच्या सोयीसाठी व्याजात गेली. अशा वेळी तो मालक नवे यंत्र घेत नाही, शिकाऊ कामगार ठेवत नाही, आणि मुलाला सांगतो, ‘तू या धंद्यात पडू नकोस.’

शासनाने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. विलंबित देयकांवर व्याज आकारण्याचा कायदा १९९३ साली झाला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने अधिक कडक तरतुदी केल्या : कराराने ठरवलेली मुदत ४५ दिवसांहून अधिक असू नये, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, आणि तंट्यासाठी राज्यांत सुकरता परिषदा असाव्यात. बिले वटवण्यासाठी ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था २०१७ पासून प्रत्यक्षात आली. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही तरतूद झाली : सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला, ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही.

प्रशासनातील माझा अनुभव असा, की जो कायदा वापरण्यासाठी दुर्बळाला बलवानाविरुद्ध तक्रार करावी लागते, तो पुस्तकातच अधिक राहतो. ‘साहेब, तक्रार केली तर व्याज मिळेल, पण पुढची ऑर्डर जाईल,’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे, की आता बोलणाऱ्याचे चेहरे आठवत नाहीत. त्याचे म्हणणे खोडून काढणे मला कधीच जमले नाही. आयकराची तरतूद मला अधिक आशादायक वाटते, कारण तिच्यात पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही. तीही टाळण्यासाठी काही खरेदीदार नोंदणी नसलेल्याकडूनच माल घेऊ लागतील, ही भीती आहेच.

म्हणून मला प्रश्न अखेर शिक्षणाचा वाटतो. बिल अडवून ठेवणारा खरेदी अधिकारी किंवा वित्त अधिकारी हा बहुधा व्यवस्थापनाचाच पदवीधर असतो. तो दुष्ट नसतो. त्याला शिकवले तसे तो वागतो. आता तर १९९४ साली स्थापन झालेली एक व्यवस्थापन संस्था खुद्द पीण्यात आहे. वर्ग आणि शेड यांच्यात चालत जाण्याएवढेच अंतर उरले आहे. बन्नेरघट्टा रस्त्यावरील आयआयएमनेही २००० च्या सुमारास उद्योजकतेसाठी एन. एस. राघवन केंद्र काढले. परंतु उद्योजकता म्हणजे नवी कल्पना आणि गुंतवणूकदार, एवढाच अर्थ रूढ होत चालला आहे. चाळीस वर्षे चालू असलेल्या शेडीचे व्यवस्थापन हाही अभ्यासाचा विषय आहे, हे विद्यापीठांनी मान्य करायला हवे.

माझी सूचना साधी आहे. एमबीएच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक सत्र एखाद्या लहान कारखान्यात हिशेबनीस म्हणून काढावे. काम तीनच गोष्टींचे असावे : येणेबाकीची यादी दर आठवड्याला अद्ययावत करणे, बिल कोणत्या टेबलावर किती दिवस थांबले याची नोंद ठेवणे, आणि महिनाअखेर पगारासाठी पैसे कोठून आले हे मालकाला विचारून लिहून ठेवणे. हा अहवाल विद्यापीठाने प्रकल्प म्हणून स्वीकारावा. पुढे हा विद्यार्थी मोठ्या कंपनीत जाईल, तेव्हा ४५ दिवस म्हणजे काय, हे त्याला कायदा न वाचताही ठाऊक असेल.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली आज हे शिक्षण घेत असतील, आणि काही वाचक स्वतःच मोठ्या कंपन्यांत सही करण्याच्या जागी असतील. मुलांना एखाद्या सुट्टीत पीण्यासारख्या वसाहतीत आठवडाभर धाडावे, असे मी सुचवीन. आणि सही करणाऱ्यांनी, मुदत उलटून गेलेली लहान पुरवठादारांची किती बिले आपल्या टेबलावर आहेत, ते उद्या कार्यालयात गेल्यावर एकदा मोजून पाहावे. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.