ठाण्याच्या रानपट्ट्यातील मिशन आणि मराठी बायबल

ठाकुर्ली-कल्याणहून उल्हास नदी ओलांडून उत्तरेकडे गेले की भिवंडी, वाडा, जव्हार, डहाणू आणि तलासरीचा मुलूख लागतो. पूर्वेकडे मुरबाड आणि शहापूर. वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा आणि महादेव कोळी या जमातींची ही भूमी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा पट्टा ठाणे जिल्ह्यातच होता. ख्रिस्ती मिशन येथे पोर्तुगीज काळातच पोचले होते, पण ते वसई, साष्टी आणि ठाण्याच्या खाडीकाठी थांबले. सोळाव्या-सतराव्या शतकात किनाऱ्यावरच्या शेतकरी व कोळी वस्त्यांत चर्च उभी राहिली. डोंगराकडचे पाडे मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.

रानपट्ट्यात मिशन पोचण्याआधी मराठी बायबल छापले जाऊ लागले होते. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साह्याने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. त्याची भाषा पश्चिमेकडच्या वाचकांना जवळची वाटली नाही. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. मिशनने स्वतःचा छापखाना उभारला, १८१७ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान नव्याने छापले आणि १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार प्रसिद्ध केला. त्याच वर्षी हॉल प्रचाराच्या दौऱ्यावर असताना पटकीने मरण पावले. पुस्तके वाटत गावोगाव फिरणे ही तेव्हाच्या मिशनऱ्यांची नित्याची रीत होती. पण ही पुस्तके ज्याला अक्षर कळते त्याच्यासाठी होती आणि पाड्यांवर अक्षर जवळजवळ नव्हतेच.

आदिवासींकडे लक्षपूर्वक पाहणारे पहिले मिशनरी म्हणजे स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन. ते १८२९ मध्ये मुंबईत आले. उत्तर कोकणातील वारली आणि काथोडी (म्हणजेच कातकरी) यांच्याविषयीचा त्यांचा लेख १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. वारल्यांशी झालेले बोलणे त्यांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात नोंदवले आहे. त्यात शेंदूर फासलेल्या अनघड दगडाच्या रूपातला वाघदेव आहे, त्याला दिलेली कोंबडी-बकरी आहे, त्याच्या डोक्यावर फोडलेला नारळ आणि ओतलेले तेल आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणाऱ्या काथोड्यांची माहितीही त्यात येते. धर्मप्रसारासाठी केलेल्या या भटकंतीतून या दोन जमातींचा एक आरंभीचा लेखी वृत्तांत तयार झाला.

पुढे रेल्वे आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत गाडी धावू लागली. तरीही रानातल्या पाड्यांपर्यंत पायी किंवा बैलगाडीनेच जावे लागे. तेथे कायमचे ठाणे मांडले ते अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रदरन या पंथाने. विल्बर स्टोव्हर १८९४ मध्ये भारतात आले व त्यांनी वलसाडला काम सुरू केले. विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणू, नंतर वाडा आणि पालघर ही या मिशनची मराठी भागातली केंद्रे झाली. शाळा, मुलांची वसतिगृहे आणि दवाखाना ही तेथील कामाची मुख्य अंगे. डॉ. बार्बरा निकी यांनी डहाणूला दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. भगताच्या उपचारांपलीकडे काहीच हाताशी नसलेल्या कुटुंबांना हा दवाखाना मोठा आधार ठरला.

तरी पाड्यांवर बायबल रुजले नाही. पहिली अडचण भाषेची होती. या सर्व कामाची भाषा मराठीच होती. ईशान्य भारतात नेमके उलट घडले. मिझो डोंगरात लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी १८९४ मध्ये पोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली आणि १८९८ मध्ये त्या भाषेत शुभवर्तमाने छापून आणली. लिपी, शाळा आणि बायबल एकाच वेळी आल्यामुळे ते पुस्तक मिझो समाजाचे स्वतःचे झाले. ठाण्यात वारली आणि कातकरी बोली मराठीच्या पोटभाषा मानल्या गेल्या. सरकार, शाळा आणि छापखाना मराठी चालवत होते, तेव्हा वेगळ्या भाषांतराची गरज कोणाला वाटली नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. बोलींची तुलना करण्यासाठी या सर्वेक्षणाने देशभर बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट नमुना म्हणून वापरली. या खंडात वारली व काथोडी बोलींची नोंद झाली, पण ती अभ्यासकांसाठी. पाड्यावरच्या माणसासाठी नव्हे.

दुसरी अडचण जगण्याची होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली नवरा-बायको सावकाराकडे ‘लग्नगडी’ म्हणून राबत. जमीनदाराच्या वेठीतून ज्याची सुटका नव्हती, त्याच्या मुलाला शाळेत बसणेच परवडत नसे. ती वेठ मोडली शेतकरी चळवळीने. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे गेलेले वारली परतले आणि मे महिन्यात झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचे काम केले. आदिवासींच्या हिताचा विचार करणाऱ्या संस्थांमध्ये मिशन आता एकटे राहिले नव्हते.

तिसरी अडचण जमातीच्या स्वतःच्या परंपरेत आहे. वारल्यांचा धर्म पाठांतराने चालतो. लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. कणसरी, हिरवा, हिमाय या देवतांच्या कथा गात-ऐकतच पुढच्या पिढीकडे जातात. छापील पुस्तक या रीतीत सहज बसणारे नव्हते. १९३९ मध्ये अमेरिकेत जॉय रिडरहॉफ यांनी गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज ही संस्था सुरू केली. बायबलमधील कथा ध्वनिमुद्रित करून निरक्षर समाजांपर्यंत नेणे हे तिचे काम. वारली आणि कातकरी बोलींतही अशी ध्वनिमुद्रणे झाली. या बोलींकडे बोली म्हणूनच पाहण्याची सुरुवात मिशनने अशी उशिरा केली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि ब्रदरन मंडळी त्यात सामील झाल्या. रानपट्ट्यातील ख्रिस्ती समाज संख्येने लहानच राहिला. या मिशनचे मोजमाप धर्मांतरांवरून केले तर ते तोकडे दिसते. दवाखाना, शाळा आणि विल्सन यांच्यासारख्यांच्या नोंदी पाहिल्या तर ते काम मोलाचे ठरते. परंतु दीडशे वर्षे पुस्तके वाटूनही वारली आणि कातकरी यांना त्यांच्याच बोलीत वाचायला देण्याचे काम मागे पडले. त्यात मिशनइतकाच सरकारी शाळेचा आणि मराठी विद्वानांचाही वाटा आहे.