झेंडा पक्षाचा, चिन्ह आयोगाचे : नगर जिल्ह्यातील पक्षखुणांच्या अभ्यासाची प्रस्तावना

आपल्याकडे निवडणुकीच्या निकालांची चिरफाड होते, जातींची गणिते मांडली जातात, पुढाऱ्यांची चरित्रे निघतात. भिंतीवर रंगवलेला पंजा किंवा कमळ मात्र दोन पावसाळ्यांत धुऊन जाते आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही. पक्षांचे झेंडे, बिल्ले, उपरणी आणि निवडणूक चिन्हे यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला म्हणूनच तयार वाट मिळत नाही. ती वाट निदान आखून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

त्यासाठी अहिल्यानगर, म्हणजे बोलण्यातला नगर जिल्हा निवडला आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, 14 तालुक्यांचा हा जिल्हा लोकसभेच्या दोन आणि विधानसभेच्या 12 मतदारसंघांत विभागलेला आहे. समाजवादी, कम्युनिस्ट, काँग्रेस, शिवसेना, भाजप अशा जवळजवळ सगळ्या प्रवाहांनी इथे कधी ना कधी मूळ धरले. एवढ्या खुणा एकत्र सापडणारे क्षेत्र मिळाल्यावर अभ्यासकाला आणखी काय हवे?

नवख्याने पहिल्यांदा एक फरक पक्का करावा. झेंडा पक्ष स्वतः ठरवतो. मतपत्रिकेवरचे चिन्ह निवडणूक आयोग देतो आणि प्रसंगी काढूनही घेतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदार ते पाहून आत कागद टाकी. चिन्हवाटपाचे नियम पुढे 1968 च्या आदेशात एकत्र आले. पक्ष फुटला तर चिन्ह कोणाचे, हे ठरवणारा परिच्छेद 15 याच आदेशात आहे. त्याची पहिली मोठी कसोटी काँग्रेसच्या फुटीत लागली. बैलजोडी गोठली, 1971 ची निवडणूक इंदिरा गांधींच्या काँग्रेसने गाय-वासरावर लढवली आणि पंजा आला तो 1978 च्या फुटीनंतर. नगरच्या ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर ‘काँग्रेसलाच’ मत दिले, त्याने प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या चित्रांवर शिक्का मारला होता.

विरोधकांचा प्रवासही असाच आहे. अच्युतराव पटवर्धन हे नगरचे. 1934 मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. या प्रवाहातल्या समाजवादी पक्षाचे 1952 च्या निवडणुकीतले चिन्ह झाड होते. किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण झाले आणि त्या पक्षाची झोपडी उरली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे विळा-कणीस मात्र पहिल्या निवडणुकीपासून आजतागायत टिकून आहे.

डाव्या चळवळीत झेंड्याचे वजन चिन्हापेक्षा जास्त राहिले. संगमनेरचे दत्ता देशमुख ज्या पक्षाचे नेते होते, त्याचे नावच लाल निशाण. जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरी गावांत माणसाची ओळख आजही ‘लाल बावट्याचा’ अशी करून दिली जाते. एप्रिल 2023 मध्ये किसान सभेचा मोर्चा अकोल्याहून लोणीकडे निघाला, तेव्हा रस्ताभर दिसले ते हेच बावटे. निवडणुकीचा हंगाम नसतानाही झेंडा चालत राहतो; चिन्हाला मतदानाचा दिवस लागतो.

दोन्ही खुणा एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, हे 2024 च्या लोकसभा निवडणुकीत दिसले. शिर्डीत फुटलेल्या शिवसेनेच्या दोन बाजूंचे धनुष्यबाण आणि मशाल समोरासमोर होते आणि दोन्हीकडचे झेंडे भगवे. मशालीवर निवडून आलेले भाऊसाहेब वाकचौरे 2009 मध्ये धनुष्यबाणावर खासदार झाले होते आणि 2014 मध्ये पंजावर लढले होते. शेजारच्या अहमदनगर मतदारसंघात निलेश लंके तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चिन्हावर जिंकले. 2019 मध्ये पारनेरची आमदारकी त्यांनी घड्याळावर मिळवली होती. ते घड्याळ फेब्रुवारी 2024 मध्ये आयोगाच्या निर्णयाने अजित पवारांच्या पक्षाकडे गेले होते. काही आठवड्यांत नवे चिन्ह गावोगाव ओळखीचे करायचे होते, म्हणून प्रचारात खऱ्या तुताऱ्या वाजल्या. चित्राला आवाज जोडला गेला, ही अभ्यासकाने टिपण्याची गोष्ट.

कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात त्या मॉरिशस बेटाशी तुलना केली तर आपले वेगळेपण कळते. तिथे मजूर पक्ष लाल, एमएमएम जांभळा, एमएसएम नारिंगी. किल्ली, हृदय आणि सूर्य ही चिन्हे असली, तरी पक्ष ओळखायला नुसता रंग पुरतो. नगरला रंग तेवढा बोलका नाही. भगव्यावर अनेकांचा हक्क आहे आणि तो पक्षांच्या कितीतरी आधीचा आहे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशातून जाणाऱ्या दिंडीतली पताका ही कोणत्याही पक्षाची खूण नव्हे. रंग दिसला की पक्ष ठरवून मोकळे होणे, ही या विषयातली सर्वांत सोपी चूक.

आणखी एक दालन जवळजवळ बंदच आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. साखर कारखान्यांत आणि सोसायट्यांतही लढत पॅनेलची असते. 1950 मध्ये उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या कारखान्यापासून सहकाराने घडवलेल्या या जिल्ह्यात खरी सत्ता अनेकदा अशाच निवडणुकांत ठरते. तिथे कपबशी, छत्री, विमान अशी मुक्त चिन्हे असतात. लोकसभेला एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोन झेंडे कारखान्यात एका छत्रीखाली येतात, तेव्हा कोणती निष्ठा खरी मानायची? माझे उत्तर असे की दोन्ही खऱ्या, पण वेगवेगळ्या कामांसाठी. झेंडा माणूस कुणाचा ते सांगतो, चिन्ह त्या दिवसाचा करार सांगते. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. दोन्हींच्या नोंदी समांतर ठेवाव्यात आणि त्या जुळत नाहीत तिथे थांबून कारण शोधावे. जिल्ह्याचे राजकारण तिथेच उलगडते.

साधने घराघरांत आहेत: नमुना मतपत्रिका, जुने बिल्ले, पत्रके, सभांची छायाचित्रे, पेंटरकडचे छापे कापलेले पत्र्याचे तुकडे. प्रत्येक वस्तूवर गाव, वर्ष आणि निवडणूक कोणती ते लिहून ठेवावे. त्याशिवाय ती नुसती आठवण ठरते, पुरावा होत नाही. वाचकाने सुरुवात आपल्या गावच्या गेल्या तीन निवडणुकांच्या मतपत्रिकांपासून करावी: एक लोकसभेची, एक सोसायटीची, एक ग्रामपंचायतीची. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की पहिला प्रश्न आपोआप पडेल, आणि तो प्रश्न या प्रस्तावनेत नसेल अशी माझी अपेक्षा आहे.