बनावट पत्राची परीक्षा : वाल्लापासून ईमेलपर्यंत

'कॉन्स्टंटाइनचे दानपत्र' बनावट आहे, हे लोरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने १४४० साली दाखवून दिले. चौथ्या शतकातील म्हणविणाऱ्या त्या लेखात उत्तरकालीन लॅटिन प्रयोग व 'सॅट्रप'सारखा विसंगत शब्द आढळतो, हा त्याच्या युक्तिवादाचा एक प्रमुख आधार होय. लेखाची भाषाच लेखाविरुद्ध साक्ष देते, हे तत्त्व पुढे कागदपत्रांच्या चिकित्सेत रुजले.

बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या ईमेलांची परीक्षाही आरंभी याच तत्त्वाने होत असे. सदोष वाक्यरचना आणि 'प्रिय ग्राहक' असे मोघम संबोधन ही त्यांची लक्षणे मानली जात. परंतु २०२२ च्या अखेरीपासून निर्दोष गद्य रचणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. शुद्ध भाषा ही आता खरेपणाची खूण उरलेली नाही, हे भाषाभ्यासकाने प्रथम मान्य केले पाहिजे.

मूळ उणीव जुनीच आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली सिद्ध केलेल्या ईमेल-वहनाच्या नियमांत प्रेषकाची ओळख पडताळण्याची तरतूद नव्हती. पुढे आलेल्या 'डीमार्क'सारख्या तपासण्या पत्र अमुक डोमेनवरून आले एवढेच सांगतात; ते डोमेन बँकेचे आहे काय, हे वाचकानेच पाहावयाचे असते.

येथे व्याकरण पुन्हा उपयोगी पडते. डोमेनचे नाव तत्पुरुष समासाप्रमाणे उत्तरपदप्रधान असते. 'राजपुत्र' हा राजा नव्हे, पुत्र होय. त्याचप्रमाणे डाव्या टोकास बँकेचे नाव असले तरी मालकी उजवीकडील पदांवरून ठरते. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव डोमेनवर जाण्यास सांगितले, त्याचे मर्म हेच.

तथापि डोळ्यांवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. सिरिलिक लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांहून वेगळी दिसत नाहीत; या साम्यातून संभवणारी फसवणूक २००२ सालीच अभ्यासकांनी निदर्शनास आणली होती. शिवाय दुव्यावर दिसणारा मजकूर व त्यामागील पत्ता भिन्न असू शकतात.

म्हणून अखेरची कसोटी मागणीची. खाते गोठण्याची भीती घालून संकेतशब्द, पिन वा ओटीपी मागणारे पत्र, त्याची भाषा कितीही प्रौढ असो, बनावटच समजावे. आणि शंका आल्यास पत्रातील दुवा वा दूरध्वनी न वापरता पासबुकावरील क्रमांकावरून बँकेस विचारावे. दस्तऐवजाची सत्यता त्याच दस्तऐवजाच्या साक्षीने सिद्ध होत नाही, हा इतिहासाचा जुना दंडक येथेही लागू आहे.