मोटारीचे नवे रूप आणि कामगाराची मुदत

हायब्रिड हा शब्द बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचे वाण निघाले, आणि पुढे आमच्या खेड्यापाड्यांतून हायब्रिड म्हणजे ज्वारीच, असे होऊन बसले. भाकर चवीला उणी, पण कणगी भरते, असा तिचा लौकिक. तिचे बी मात्र घरचे चालत नाही, दरसाल विकत आणावे लागते, ही तिची खोड. आज त्याच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या एका मोटारीचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. मोटारीवर बोलावयास कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे कोणी विचारील. मोटार ज्याच्या दारात उभी असते त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती ज्याच्या हातून घडते त्याच्याविषयी फार थोडे.

मोटार आहे टोयोटा कॅमरी. मध्यम आकाराची, चार दारांची, मागे सामानाची पेटी असलेली, कुटुंबाने बसून जावे अशी गाडी. तिच्यात एक पेट्रोलचे इंजिन असते आणि त्याच्या जोडीला विजेच्या मोटरी. गाडी हळू चालत असता वीज काम करते, जोर लागला की इंजिन हाताला येते. ब्रेक दाबला म्हणजे चाकांची जी गती एरवी घर्षणात वाया जाते, तिची वीज होऊन बॅटरीत साठते. म्हणून ही गाडी भिंतीतल्या प्लगला लावावी लागत नाही. हिचा खरा फायदा शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत. आपल्या मेहकर-सिंदखेडराजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ताशी 120 च्या एकसारख्या वेगाने नेली, तर विजेचा हातभार बराच कमी होतो, हेही सांगितले पाहिजे.

कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी 1900 च्या सुमारास इंजिन आणि वीज एकत्र आणून गाडी चालवून दाखविली होती. परंतु स्वस्त पेट्रोलच्या काळात तिला कोण विचारतो? टोयोटाने प्रियस ही गाडी डिसेंबर 1997 मध्ये बाजारात आणली, तेव्हा ती पुन्हा जिवंत झाली. कॅमरीला ही जोड 2006 साली मिळाली. त्यानंतर 2011, 2017 आणि 2023 असे तिचे रूप तीनदा बदलले. पाच-सहा वर्षे झाली की नवे कॅमरी. श्रोत्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा; आम्हांला पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

कारण आमच्या महाराष्ट्रात याच्या अगदी उलट इतिहास घडला. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि 1947 मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकन धाटणीच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. नुसते सुटे भाग आणून जुळवणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने 1953 नंतर आसरा दिला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी केलेला करार मात्र टिकला. फियाट 1100 आली, 1964 मध्ये तिचे डिलाइट हे रूप आले, आणि तेच रूप पुढे पद्मिनी या नावाने शतक संपत आले तरी कुर्ल्यातून निघत राहिले. तीस वर्षांहून अधिक काळ एकच साचा!

मालकांना हे सोईचे होते. परवान्याच्या राज्यात स्पर्धा नव्हती. गिऱ्हाइकाला मात्र पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि जी गाडी मिळे ती बापाच्या गाडीसारखीच असे. हे दु:ख आम्ही नाकारीत नाही. पण कारखान्याच्या आत पाहा. नवे रूप म्हणजे नुसता नवा दिवा आणि नवे बोनेट नव्हे. पत्रा ठोकणारे डाय बदलावे लागतात, वेल्डिंगचे सांगाडे बदलावे लागतात, जुळवणीच्या ओळीवर कोणी कोणत्या क्षणी काय करावे हे सारे नव्याने ठरते. कुर्ल्यात ते तीस वर्षे ठरलेलेच राहिले. एका पत्र्याचा वाक हाताच्या स्पर्शाने ओळखणारा माणूस तेथे तयार होई आणि त्याच कौशल्यावर निवृत्त होई. साचा कायम होता, म्हणून माणूस कायम होता. त्या कायमपणाच्या जोरावरच संघटना उभी राहिली, आणि डॉ. दत्ता सामंत यांच्या काळात प्रीमियरमधल्या पगारवाढीची चर्चा साऱ्या मुंबईभर झाली. शिवाय खामगाव-मलकापूरच्या गॅरेजातला पोरगाही फियाटचे कार्बोरेटर उघडून बसवू शके, हा आणखी एक लाभ.

1983 च्या डिसेंबरात मारुती आली आणि हे जग हलले. प्रीमियरने 1985 मध्ये 118 एनई काढली: सांगाडा फियाट 124 चा आणि इंजिन जपानच्या निसानचे. खरी संकरित गाडी तीच, असे आम्हांला गमतीने वाटते. ती तगली नाही. कल्याणला पेजोच्या भागीदारीत काढलेला डावही 1990 चे दशक संपता संपता आटोपला. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी, 2003 मध्ये नोंदलेली, ऑक्टोबर 2023 अखेर वयोमर्यादेने निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. तिला घडविणाऱ्या कुर्ल्याच्या कामगारांचे काय झाले, हे त्या लेखांतून आम्ही शोधीत होतो. फारसे हाती लागले नाही.

कॅमरी भारतात घडते ती कर्नाटकात, बंगळूरजवळच्या बिडदी येथे. तिच्या कंपनीच्या नावात एक मराठी नाव आहे. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींपासून सुरुवात केली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर केले, त्यांच्याच घराण्याने 1997 मध्ये टोयोटाशी भागीदारी केली. 2013 पासून तेथे हायब्रिड कॅमरी तयार होऊ लागली. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या रूपाची किंमत तेव्हा 48 लाख रुपये होती. एक लिटरला 25 किलोमीटरवर जाते म्हणतात; पण 48 लाख देणारा लिटर कशाला मोजील? 'कुटुंबाची गाडी' हे तिचे अमेरिकेतले वर्णन आहे. आमच्याकडे ते कुटुंब निराळे असते. यात सरकारचाही वाटा आहे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा गाडीवर एकूण 43 टक्के कर बसला, विजेच्या गाडीवर पुढे 5 टक्के. सप्टेंबर 2025 पासून मोठ्या हायब्रिडवर 40 टक्के आहे.

बिडदीचा इतिहास शांततेचा नाही. 2006 मध्ये काही कामगारांच्या बडतर्फीवरून, 2014 मध्ये पगारावरून, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये कामाचा बोजा व एका कामगाराचे निलंबन यांवरून तेथे संघर्ष होऊन टाळेबंदीपर्यंत पाळी गेली. ज्या कारखान्याच्या शिस्तीचे आणि 'सतत सुधारणे'चे धडे व्यवस्थापनाच्या वर्गांतून शिकवितात, तेथे हे घडले आहे.

आता तो आकडा: पाच-सहा वर्षे. ज्या मालाचे रूप एवढ्या मुदतीने बदलते, त्याच्या मालकाला माणूसही तेवढ्याच मुदतीचा हवासा वाटतो. आम्ही वाळूज आणि चाकणच्या फाटकांवर हेच पाहिले. देऊळगावराजाचा, चिखलीचा, लोणारचा मुलगा आयटीआय करून जातो. शिकाऊ म्हणून, कंत्राटी म्हणून, पूर्वी 'नीम'चा ट्रेनी म्हणूनही, दोन-तीन वर्षे काढतो. नवे मॉडेल येते तेव्हा ओळीवर नवी मुले असतात. मार्च 2018 मध्ये केंद्राने निश्चित मुदतीची नोकरी सर्व उद्योगांना मोकळी करून दिली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी अशा कामगाराला एका वर्षाने ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. हा हक्क आम्ही लहान मानीत नाही. परंतु ग्रॅच्युइटी ही जाताना हातावर ठेवायची रक्कम आहे, राहण्याची हमी नव्हे.

कुर्ल्याचा जुना साचा परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. तीस वर्षे एकच गाडी विकणारा कारखाना शेवटी स्वत:च्या कामगारांनाही घेऊन बुडाला. गाडी बदलावी. मात्र ती बदलण्याच्या खर्चात डायचा, यंत्रमानवांचा, जाहिरातीचा हिशेब धरतात, तसा जुन्या माणसाला नवे काम शिकविण्याचा हिशेब का धरू नये? उच्च दाबाच्या बॅटरीपाशी कसे काम करावे हे फियाटच्या कारागिराला ठाऊक नव्हते. ते शिकता येते. शिकविणाऱ्याने पगार चालू ठेवला पाहिजे, एवढेच.

ही चर्चा आता आमच्या दाराशी आली आहे. 31 जुलै 2024 रोजी महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात छत्रपती संभाजीनगरला सुमारे 20,000 कोटींच्या मोटार कारखान्यासाठी सामंजस्य करार झाला, जागा बिडकीनची. विजेच्या आणि हायब्रिड गाड्या तेथे व्हाव्यात असा बेत आहे. जालना ओलांडले की बिडकीन जवळच. आमच्या जिल्ह्यातले आयटीआयचे विद्यार्थी त्याची वाट पाहात आहेत. कारखान्यात कायम जागा किती आणि मुदतीच्या किती, आणि पहिले मॉडेल बदलेल तेव्हा मुदतीच्या माणसाचे शिक्षण कोणाच्या खर्चाने, हे दोन प्रश्न भरतीची जाहिरात निघण्याआधी लेखी विचारावयाचे आहेत. पत्रावर ज्यांना सह्या करावयाच्या असतील त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे.