लघुलहरींचा पहिला संच : आधी तार, मग बॅटरी, शेवटी ट्रान्सीव्हर

मालवण, (प्रतिनिधी) : १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. माड उन्मळले, विजेचे खांब आडवे झाले आणि वीज गेल्यापाठोपाठ अनेक गावांतले मोबाईलही मुके झाले. अशा वेळी किनाऱ्यावरच्या गावाला ‘आम्ही सुखरूप आहोत’ किंवा ‘इथे मदत हवी आहे’ एवढाच निरोप घाटापलीकडे पोहोचवायचा असतो. पण नेमके तेच अशक्य होऊन बसते. ज्यांच्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे आणि लघुलहरींवर चालणारा संच आहे, त्यांना मात्र ते शक्य असते. म्हणूनच ‘पहिला ट्रान्सीव्हर कोणता घ्यावा?’ हा प्रश्न या किनाऱ्यावर केवळ छंदाचा राहत नाही. दुकानातील सर्वांत चांगला संच कोणता, यापेक्षा वीज गेल्यानंतर दोन दिवसांनीही आपल्या घरातून बोलू शकेल असा संच कोणता, हे पाहणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

परवाना आधी

हौशी रेडिओ, अर्थात ‘हॅम’ रेडिओ, म्हणजे आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, स्वतःच्या आवडीने व शिकण्याच्या उद्देशाने केलेले बिनतारी संदेशवहन. ट्रान्सीव्हर म्हणजे प्रक्षेपक आणि ग्राहक एकाच पेटीत असलेला संच. परवान्याशिवाय तो वापरणे हा गुन्हा आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून परीक्षा घेतली जाते. इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे आणि संदेशवहनाचे नियम हे तिचे मुख्य विषय. उत्तीर्ण झालेल्यास ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे स्वतंत्र संकेतनाम मिळते. जगात कोठेही ते ऐकले की माणूस भारतातला आहे हे ओळखता येते. नवख्याच्या परवान्यावर शक्तीची जी मर्यादा लिहिलेली असेल, तिच्यापलीकडे जाता येत नाही. त्यामुळे परवाना हाती येण्यापूर्वी शंभर वॅटच्या संचासाठी पैसे गुंतविण्याची घाई करू नये.

लघुलहरीच का?

हातात मावणारे व्हीएचएफ संच स्वस्त असतात. पण त्यांच्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यातच जातात. सिंधुदुर्गात पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि मध्ये डोंगर-टेकड्या. किनाऱ्यावरच्या सखल वाडीतून बोललेले कणकवलीला पोहोचेलच याचा भरवसा नाही, मग कोल्हापूरची गोष्टच सोडा.

लघुलहरी, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी, डोंगराला वळसा घालत नाहीत. त्या डोंगरावरून जातात. वातावरणाच्या वरच्या भागात आयनांबर नावाचे विद्युतभारित थर आहेत. त्यांवरून या लहरी परत जमिनीकडे वळतात. तार जमिनीपासून फार उंच नसेल, तर लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि कारंज्याच्या पाण्याप्रमाणे चहूबाजूंना खाली येतात. त्यांना घाट आडवा येत नाही. मालवणहून सरळ रेषेत पणजी सुमारे ७५, कोल्हापूर सुमारे ११०, पुणे सुमारे २७५ आणि मुंबई सुमारे ३४० किलोमीटर आहे. ही सारी ठिकाणे दिवसा ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर बहुधा गाठता येतात. सूर्यास्तानंतर हा पट्टा दूरच्या देशांकडे ‘उघडतो’ आणि जवळची केंद्रे विरू लागतात, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ८० मीटरचा पट्टा कामी येतो. उलट १४ मेगाहर्ट्झवर युरोपातला माणूस स्पष्ट ऐकू येईल आणि कोल्हापूरचा मित्र मात्र ऐकू येणार नाही. तेव्हा पहिल्या संचात ४० आणि ८० मीटर हे पट्टे असलेच पाहिजेत.

लघुलहरींची ही ताकद या जिल्ह्याला नवी नाही. १९५५ मध्ये गोवामुक्तीसाठीचे ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे भूमिगत केंद्र सुरू झाले ते आंबोलीच्या जंगलातून. दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीजांनी मागे टाकलेल्या बिनतारी संचांतून त्याचा प्रक्षेपक तयार करण्यात आला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पुढे कॅसलरॉकच्या रानातून १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ते चालविले. ते हौशी केंद्र नव्हते. पण रानातल्या जुजबी संचावरचा आवाजही सीमा ओलांडतो, हे त्याने दाखवून दिले.

पहिला खर्च तारेवर

नवखा माणूस सारे पैसे संचावर घालतो आणि उरलेल्या पैशांत मिळेल ती अँटेना लावतो. क्रम नेमका उलटा हवा. महागडा संच वाईट अँटेनावर मुका असतो. साधा संच चांगल्या अँटेनावर बोलका होतो.

सुरुवातीला ‘डायपोल’ पुरेसा आहे. तांब्याच्या तारेचे दोन समान तुकडे, मध्ये केबलची जोडणी आणि दोन टोकांना दोऱ्या, एवढीच ही अँटेना. तिची एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर येते. प्रथम थोडी जास्त लांब कापून नंतर छाटत जावे. ४० मीटरचा हा डायपोल २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालतो, हा वरचा लाभ. ८० मीटरसाठी मात्र सुमारे ४० मीटर तार लागते.

शहरातल्या हॅमला हेवा वाटेल अशी सोय आपल्याकडे आहे, ती म्हणजे माड. दहा मीटर उंची ४० मीटरच्या पट्ट्यावर जवळच्या पल्ल्यासाठी अगदी योग्य असते. पण माड वाऱ्यात डोलतो. दोन माडांना तार ताठ बांधली तर पहिल्याच झोडपणीत ती तुटते. एका टोकाची नायलॉनची दोरी कप्पीवरून घेऊन तिला वजन टांगावे. माड झुकला की वजन वर जाते, सावरला की खाली येते, आणि तारेवर ताण पडत नाही. तार वीजवाहिनीच्या वर, खाली वा जवळपास कधीही नेऊ नये. वादळाची सूचना मिळताच ती उतरवून, गुंडाळून घरात ठेवावी आणि वारा ओसरल्यावर पुन्हा चढवावी. माड पडलेच, तर आठ-दहा मीटरचा बांबूदेखील चालतो.

देवबागसारख्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेल्या ठिकाणी आणखी एक लाभ मिळतो. खाऱ्या पाण्यालगत उभी अँटेना लावली तर लहरी क्षितिजालगत दूरवर जातात. परदेशांशी बोलण्यासाठी ही जागा उत्तम. घाटापलीकडच्या निरोपासाठी मात्र आडवी तारच हवी.

बॅटरीचा हिशेब

लघुलहरींचे बहुतेक संच १३.८ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी थेट जोडता येते. शंभर वॅटचा संच नुसते ऐकताना सुमारे १ अँपिअर आणि बोलताना कमाल २० ते २३ अँपिअर घेतो. वीस वॅटचा संच ऐकताना साधारण अर्धा अँपिअर आणि बोलताना कमाल ८ अँपिअरच्या आत राहतो.

अनेक घरांत इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी असते. तिच्यातली निम्मी, म्हणजे ७५ अँपिअर-तास, वापरायची ठरविली आणि दर तासाला दहा मिनिटे बोलणे धरले, तर शंभर वॅटचा संच (बोलतानाची सरासरी १० अँपिअर) सुमारे ३० तास चालेल. वीस वॅटचा संच (सरासरी ४ अँपिअर) सुमारे ६९ तास चालेल. एक दिवस आणि जवळपास तीन दिवस असा हा फरक आहे. मग ऐकणाऱ्याला आवाज किती कमी येतो? ग्राहकावरील मापकात एका अंकाचा फरक पडायला शक्ती चौपट व्हावी लागते. शंभरावरून वीस वॅटवर येताना आवाज जेमतेम एका अंकाहून थोडा जास्त घटतो. अर्थात शंभर वॅटचा संचही बटण फिरवून वीस वॅटवर आणता येतो. पण ऐकण्यासाठी तो घेत असलेली वीज कमी होत नाही.

माहितीपत्रकातील आणखी एक ओळ वाचावी : व्होल्टेजची मर्यादा. ‘१३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के’ असे लिहिले असेल, तर ११.७ व्होल्टच्या खाली संच नीट चालण्याची हमी नाही. अर्धी उतरलेली बॅटरी मोठ्या शक्तीने बोलताना सहज तेवढी खाली येते. तेव्हा बॅटरीपासून संचापर्यंतची वायर जाड आणि आखूड असावी, आणि बॅटरीजवळच फ्यूज असावा.

आता संच

या हिशेबानंतर निवड बरीच सोपी होते.

पाच ते दहा वॅट : यात हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेल्या ‘बिटएक्स’ कुळाचा उल्लेख करायला हवा. हाताने जुळविता येईल असा हा भारतीय आराखडा जगभरच्या हौशींनी उचलला. २०१७ च्या अखेरीस आलेला ‘मायक्रो-बिटएक्स’ सुमारे दहा वॅटचा असून लघुलहरींचे प्रमुख पट्टे त्यात आहेत. ज्यांना डाग देता येतो आणि संच आतून समजून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी यासारखा शिक्षक नाही. जुना घेताना मात्र आवृत्ती विचारावी. सुरुवातीच्या आवृत्त्यांतून नको त्या वारंवारतांवरही लहरी बाहेर पडत, नंतरच्यांत सुधारणा झाली.

वीस वॅट : २०१९ मध्ये आलेला चिनी ‘शिएगू जी-९०’ हे या गटाचे परिचित उदाहरण. अँटेना जुळवून घेणारा ट्यूनर आतच आहे आणि १०.५ व्होल्टपर्यंत उतरलेली बॅटरी त्याला चालते. बॅटरीवर जगायचे असेल तर हा गट सर्वांत समतोल.

शंभर वॅट : २०१६ मध्ये आलेले आयकॉमचा ‘आयसी-७३००’ आणि याएसूचा ‘एफटी-८९१’ हे दोन जपानी संच प्रसिद्ध आहेत. पहिल्यात पडद्यावर सारा पट्टा दिसतो आणि ट्यूनर आहे. वजन मात्र चार किलोंहून अधिक. दुसरा दोन किलोंच्या आत आहे, पण ट्यूनर वेगळा घ्यावा लागतो. अंगच्या ट्यूनरची कुवत मर्यादित असते. मापात कापलेल्या डायपोलला त्याची गरजही भासत नाही. पावसाळ्यातल्या विजांच्या खरखराटात मोठी शक्ती उपयोगी पडते, हे खरे. तेवढी मोठी बॅटरी आणि तेवढा परवाना असेल तरच या गटाकडे वळावे.

जुना संच घेताना

जुना संच परवानाधारकाकडूनच घ्यावा आणि घेण्यापूर्वी समोर चालवून पाहावा. अँटेनाऐवजी ‘डमी लोड’ जोडून प्रत्येक पट्ट्यावर शक्ती मोजावी. एखाद्याच पट्ट्यावर ती कमी भरली तर दोष आत आहे. एका केंद्राचा आवाज अर्धा तास लावून ठेवावा. सूर सरकत असेल तर वारंवारता स्थिर नाही. शेवटी झाकण उघडून पाहावे. किनाऱ्यावर वापरलेल्या संचाच्या स्क्रूवरचा गंज आणि जोडणीवरचा हिरवा थर बरेच काही सांगून जातो.

आपल्या संचावरही ही वेळ येऊ नये म्हणून बाहेरच्या प्रत्येक जोडणीवर ग्रीस लावून वर जलरोधक टेप गुंडाळावी. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागण्यापूर्वीच अँटेनाची केबल संचातून काढून घराबाहेर टाकावी. संच बंद करणे म्हणजे संरक्षण नव्हे.

सराव हवाच

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. २६ तारखेला त्सुनामी आली, बेटांचा संपर्क तुटला आणि छंदासाठी मांडलेले तेच केंद्र निरोप पोहोचविण्याच्या कामाला लागले. ते जमले याचे कारण संच, तार आणि माणसे आधीपासून बोलती होती.

हौशी केंद्राने एरवी इतरांचे निरोप वाहून नेणे अपेक्षित नाही. आपत्तीत नेहमीचे संदेशवहन कोलमडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांच्या निरोपांसाठी मात्र १९७८ च्या नियमावलीतच वाट ठेवण्यात आली होती. म्हणून परवाना मिळाल्यावर ओरोस येथील जिल्हा प्रशासनाला आपली माहिती देऊन ठेवणे शहाणपणाचे.

आणि महिन्यातून एखाद्या रविवारी घराचा मेन स्विच बंद करावा, तार चढवावी, बॅटरी जोडावी आणि कोल्हापूर किंवा पुण्याच्या कोणाला तरी हाक द्यावी. उत्तर आले, तर संचाची निवड बरोबर झाली असे समजावे. न आल्यास नवा संच शोधण्यापूर्वी एकदा तारेकडे पाहावे.