झोपलेल्या चिपला जाग कशी आली

1972 साली ह्युलेट-पॅकार्डने एचपी-35 हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आणला. किंमत 395 डॉलर. त्यातले लाल चमकते आकडे इतकी वीज खात की एकदा चार्ज केलेले सेल तीनेक तासांत संपत. बंद करायला सरकता स्विच होता. तो सरकवला की स्मृतीतलं सगळं पुसलं जाई. सात वर्षांनी, 1979 मध्ये, याच कंपनीचा एचपी-41सी आला. त्याच्यावर ‘ऑन’ची कळ होती, पण ती वीज तोडत नव्हती. काही मिनिटं कुणी हात लावला नाही तर हे यंत्र आपलं आपण झोपी जाई आणि त्यात भरलेले प्रोग्राम जसेच्या तसे राहत. इतकंच नाही, दोन कळा दाबण्याच्या मधल्या वेळातही त्याचा प्रोसेसर झोपलेला असे. पडद्यावर आकडे दिसत असत, आत मात्र काम थांबलेलं. या हलक्या झोपेतून कोणतीही कळ त्याला उठवी. गाढ झोपेतून उठवायला ‘ऑन’ची कळ लागे.

बोटाने एक कळ दाबायची आणि यंत्राने जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू व्हायचं. आज हे इतकं सवयीचं झालं आहे की त्यामागे इतिहास असेल असं वाटतही नाही.

त्याची सुरुवात 1963 मध्ये झाली. फेअरचाइल्ड कंपनीत काम करणाऱ्या फ्रँक वॉनलस यांनी सी. टी. सा यांच्यासह सीमॉस मंडलाची कल्पना मांडली. दोन विरुद्ध प्रकारचे ट्रान्झिस्टर जोडीने लावायचे. एक उघडा असेल तेव्हा दुसरा मिटलेला. स्थिती बदलण्याच्या क्षणीच काय ती वीज वाहते, एरवी जवळजवळ नाही. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘नॅनोवॉट’ हा शब्द होता. यातून निघालेला अर्थ मोठा होता: चिपचं क्लॉक, म्हणजे तिच्या कामाला ताल देणारं कंपन, थांबवलं तर तिची भूकही थांबते. 1976 च्या आरसीए 1802 या सीमॉस प्रोसेसरचं क्लॉक हवं तेव्हा थांबवता येई, आतलं काही न विसरता. गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानात हेच प्रोसेसर होते.

पण मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोसेसर आणि स्मृती एकत्र असलेल्या चिपांच्या, जगात खरी सत्ता चालली ती इंटेलच्या 8051 ची. 1980 मध्ये आलेली ही चिप आधी एनमॉस पद्धतीची होती आणि तिच्या 8051एएच या आवृत्तीला सव्वाशे मिलिअँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह लागे. 2000 मिलिअँपिअर-तासांचे सेल तिने सोळा तासांत रिकामे केले असते. सीमॉस अवतार 80सी51 आला तेव्हा त्यात दोन नव्या सोयी होत्या, ‘आयडल’ आणि ‘पॉवर-डाउन’. पीकॉन नावाच्या रजिस्टरमधला एक बिट 1 केला की क्रिस्टलचं कंपनच थांबे आणि प्रवाह काही दहा मायक्रोअँपिअरवर येई. व्होल्टेज 2 व्होल्टपर्यंत उतरवलं तरी रॅममधले आकडे टिकत.

झोपेची सोय उत्तम झाली. पॉवर-डाउनमधून उठण्याची मात्र एकच वाट ठेवली होती, ती म्हणजे रिसेट.

रिसेट म्हणजे प्रोग्राम पुन्हा शून्य पत्त्यापासून. रॅम शाबूत असते, पण आपण कुठल्या ओळीवर झोपलो होतो हे चिपला ठाऊक नसतं. म्हणून प्रोग्राम लिहिणारे रॅमच्या एका कोपऱ्यात ठरावीक आकडे खूण म्हणून ठेवत आणि सुरुवातीलाच ती खूण तपासत: सापडली तर झोपेतून उठलो, नाही तर वीज नव्याने आली.

इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम थांबवून चिपचं लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याच्या, पिनला बटण जोडून का उठवता येत नव्हतं? 8051 आपल्या इंटरप्ट पिनांकडे दर मशीन सायकलला एकदा पाहते. क्लॉकच थांबलं असेल तर पाहणार कोण? 87सी51एफए सारख्या पुढच्या चिपांत यावर तोड निघाली. पिन खाली ओढली की थेट ऑसिलेटर सुरू होऊ लागे. ती पुन्हा वर सोडली की जाग पुरी होई. मग इंटरप्टचं काम उरकून प्रोग्राम नेमका त्या ओळीवर परते, जी झोपेच्या आज्ञेनंतरची होती. मायक्रोकंट्रोलरच्या इतिहासात या सुधारणेचा गाजावाजा झाला नाही, पण तिचं मोल कमी नाही. कळ दाबल्यावर पहिल्यापासून सुरुवात होण्याऐवजी काम पुढे चालू राहणं तिने शक्य केलं.

महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या हातांतून हा बदल प्रत्यक्ष गेला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत प्रोजेक्टसाठी चिप आणायला जाणाऱ्यांच्या पिढ्यांनी आधी अॅटमेलची एटी89सी51 वापरली. ती पॉवर-डाउनमधून फक्त रिसेटने उठे. तिची जागा घेणाऱ्या एटी89एस52 मध्ये बाहेरच्या इंटरप्टनेही उठण्याची सोय आली. दोन्हींच्या पिना सारख्याच, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसवताना हा फरक सहज नजरेतून सुटे.

बटण जोडणं हीही एक विद्याच आहे. पिन मोकळी सोडली तर तिचं व्होल्टेज अधांतरी राहतं, आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे पडतात, वीज गळते आणि चिप विनाकारण उठतेही. म्हणून पिनला वरच्या व्होल्टेजशी बांधून ठेवणारा पुल-अप रेझिस्टर लागतो. तो 10 किलोओहमचा असेल आणि 3 व्होल्टवर कुणी बटण दाबून धरलं, तर त्यातून 300 मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे झोपलेल्या चिपच्या कित्येक पट. शिवाय धातूचे संपर्क एकदाच जुळत नाहीत. काही मिलिसेकंद उसळत राहतात आणि एका दाबाचे अनेक दाब भासतात. पिन खाली असेपर्यंत इंटरप्ट येतच राहणार असेल, तर बोट उचलेपर्यंत तो बंद ठेवावा लागतो. 1993 च्या पिक16सी84 मध्ये चार पिनांवरचा कोणताही बदल चिपला उठवू शकत होता आणि सौम्य पुल-अप चिपच्या आतच होते. कीपॅड जोडणाऱ्यांचं केवढं काम यामुळे वाचलं!

उरला प्रश्न वेळेचा. क्रिस्टल स्थिरावायला मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ वीज फुकट जाते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या म्युनिकजवळच्या फ्रायझिंग केंद्रात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घडलेल्या एमएसपी430 ने क्रिस्टलची वाटच पाहिली नाही. तिच्यात सहा मायक्रोसेकंदांच्या आत सुरू होणारा अंतर्गत ऑसिलेटर होता. झोपेचे बिट स्टेटस रजिस्टरमध्येच होते. बटण दाबलं की ते रजिस्टर स्टॅकवर जाई आणि बिट पुसले जात, म्हणजे चिप जागी. काम संपून रजिस्टर परत आलं की चिप आपोआप पुन्हा झोपे. जागं ठेवायचं असेल तर स्टॅकवरची प्रत बदलायची. इतकी नेटकी रचना क्वचितच पाहायला मिळते.

आणि मग हा इतिहास उलटा वळला. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसे मिटलेल्या अवस्थेतही गळू लागले. क्लॉक थांबवणं पुरेना, वीजच तोडावी लागली. शांघायच्या एस्प्रेसिफने 2016 मध्ये आणलेली ईएसपी32 गाढ झोपेत मुख्य प्रोसेसर आणि बहुतेक रॅम यांची वीज काढून घेते. चालू राहतो तो एक छोटा भाग, ज्यात ठरावीक पिनांवर लक्ष ठेवणारं मंडल आणि 8 किलोबाइटची मंद स्मृती असते. बटण दाबलं की चिप पुन्हा प्रोग्रामच्या आरंभापासून सुरू होते, जुन्या 80सी51 सारखीच. आता मात्र खूण शोधत बसावं लागत नाही. आपण का उठलो, बटणाने की टायमरने, हे विचारायला एक तयार फंक्शन असतं आणि प्रोग्राम सुरू होताच प्रोग्रामर बहुधा तेच बोलावतात.