राणीबागेतला चिकटवलेला हत्ती आणि डांबर लागलेली राणी

मागच्या रविवारी भाच्याला घेऊन भायखळ्याच्या राणीबागेत गेलो होतो. त्याला पेंग्विन बघायचे होते. पण शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो एका दगडी हत्तीपाशीच थबकला. म्हणाला, ‘‘मामा, हा हत्ती चिकटवलाय का?’’

पोरगं बरोबर बोललं. जवळ गेलं की जोड दिसतात.

हा हत्ती मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाचं नाव ‘एलिफंटा’ पाडलं. 1814 च्या सुमारास त्याचं डोकं आणि मान कोसळली, मग धडही पडलं. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले. 1914 मध्ये कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे इंग्लंडला निघालेला हत्ती भायखळ्यालाच उतरला!

आता दुसरी मूर्ती. याच परिसरात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. शिल्पकार मॅथ्यू नोबल, पैसे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचे. 1872 पासून तो फोर्टात दिमाखात बसलेला होता. 1896 मध्ये एका रात्री कुणीतरी त्याला डांबर फासलं. पुढे रँड वधाच्या खटल्यात तुरुंगात असताना दामोदर चाफेकरांनी लिहून ठेवलं की हे काम आमचंच.

संगमरवरावरचं डांबर काढणं सोपं नसतं, कारण दगड सच्छिद्र असतो आणि डाग आत मुरतो. तो काढला प्रा. त्रिभुवनदास गज्जर या आपल्याच रसायनशास्त्रज्ञाने. फासणारेही इथलेच, पुसणाराही इथलाच. 1965 मध्ये राणी रस्त्यावरून हलली आणि या बागेत आली. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्डही त्याच वर्षी इथे आला.

इथे मला माझी पहिली नोकरी आठवते. मी एक बग दुरुस्त केला आणि ‘साफसफाई’ म्हणून जुने लॉग उडवून टाकले. दोन आठवड्यांनी तोच बग परत आला, आणि कारण शोधायला माझ्याकडे काहीच नव्हतं. सिनियर एवढंच म्हणाला, ‘‘दुरुस्त केलंस रे, पण पुरावा का पुसलास?’’

पुतळ्यांचे संवर्धक नेमका हाच विचार करतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शहराच्या हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे त्याच्या पृष्ठभागाचं जिप्सम होतं, त्यात काजळी अडकते आणि काळं कवच तयार होतं. ॲसिड टाकलं किंवा तारेच्या ब्रशने घासलं तर कवचाबरोबर नाकडोळेही झिजतात. म्हणून आधी फोटो आणि नोंदी, मग एका कोपऱ्यावर चाचणी, मग मऊ ब्रश, पाणी किंवा डाग शोषून घेणारा लेप. तुकडे जोडताना साधी लोखंडी सळई टाळायची, कारण ती गंजून फुगते आणि दगडालाच तडा देते. आणि शक्यतो अशी दुरुस्ती करायची जी पुढच्या पिढीला उलगडता येईल.

‘‘पण ब्रिटिश राणीवर खर्च कशाला?’’ असं बरेच जण विचारतात. मला वाटतं, मान देणं वेगळं आणि जपणं वेगळं. रस्त्यावरून हलवलं तेव्हाच मान काढून घेतला. आता जपतोय तो पुरावा: गायकवाडांच्या पैशाचा, चाफेकरांच्या रागाचा, गज्जरांच्या हुशारीचा. खंत एकच. हत्तीच्या अंगावर त्याचं मोडणं अजून दिसतं, पण चाफेकरांचं डांबर राहिलं ते फक्त कागदावर. राणी नुसती पाहिली तर त्या रात्रीची काहीच कल्पना येत नाही.

म्हणून भाच्याला मी पुतळ्यासमोर उभं करून ती गोष्ट सांगितली. त्याने बराच वेळ डाग शोधला. सापडला नाही. मग आम्ही पेंग्विन बघायला गेलो.

तुमच्या गावातल्या बागेतही असा एखादा मोडका पुतळा असेल. त्याचा फोटो काढा, जोड कुठे आहेत ते बघा, आणि आजीआजोबांना त्याची गोष्ट विचारा. भेटू पुढच्या भागात!